प्लॅस्टिकच्या सैनिकालाही तारीख असते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत युद्धखेळांच्या छंदावर आलेला लेख मी आवडीने वाचला. टेबलावर दोन सैन्ये मांडून, फासे आणि मोजपट्टी घेऊन जुन्या लढाया पुन्हा लढण्याच्या या छंदाला मराठी वर्तमानपत्रात इतकी जागा मिळाली याचा आनंद आहेच. मात्र लेखाच्या अखेरीस लेखकाने जो शेरा मारला आहे, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. दोन-अडीच सेंटिमीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या सैनिकाच्या अंगावरचा कोट बरोबर की चूक, त्याच्या हातातली बंदूक त्या सालची की नंतरची, यावर वाद घालणारे लोक म्हणजे नुसते ‘बटणे मोजणारे’ असून त्यांच्यामुळे नवख्यांचा हिरमोड होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हिरमोड होतो हे खरे. माझाही झाला होता, आणि तो प्रसंग मी पुढे सांगणार आहे. पण त्याचा दोष मोजणाऱ्यांच्या माथी मारणे मला मान्य नाही.

मुळात युद्धखेळाला सैनिकाची आकृती लागतच नाही. प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जो खेळ पुढे आणला, त्यात नकाशावर सरकवायचे रंगीत ठोकळे होते. एक रंग एका बाजूचा, दुसरा दुसऱ्या बाजूचा. त्या ठोकळ्यांना टोपी नव्हती, पट्टे नव्हते, संगीन नव्हती, तरीही त्यांच्यावर एका सैन्याचे अधिकारी हालचाली, अंतरे आणि निर्णय शिकले. म्हणजे खेळ हाच एकमेव हेतू असेल, तर ठोकळ्याने भागते आणि ठोकळा कधी चुकत नाही, कारण तो कशाचाही दावा करत नाही. ज्या क्षणी आपण ठोकळ्याच्या जागी माणूस उभा करतो, त्याला कोट घालतो, डोक्यावर शाको ही उंच लष्करी टोपी चढवतो आणि हातात बंदूक देतो, त्या क्षणी आपण ‘हा अमुक देशाचा, अमुक पलटणीचा, अमुक वर्षीचा शिपाई आहे’ असे विधान केलेले असते. विधान केले की ते खरे की खोटे हे विचारण्याचा हक्क समोरच्याला मिळतोच. लेखकाला तो हक्कच बटणमोजणी वाटतो आणि आमच्यातला मतभेद इथे सुरू होतो.

आता माझा प्रसंग. अनेक वर्षांपूर्वी मी नेपोलियनकालीन ब्रिटिश पायदळाचा एक संच घेतला आणि त्यातून चाळीस सैनिकांची एक पलटण रंगवली. मला १६ मे १८११ रोजी स्पेनमध्ये झालेल्या अल्बुएराच्या लढाईतील ५७ वी पलटण हवी होती. या पलटणीच्या कॉलरचा आणि बाह्यांच्या कफांचा रंग पिवळा होता हे मी शोधून काढले. शिपायांचे कोट मंजिष्ठाच्या मुळांनी रंगवलेले, विटकरीकडे झुकणारे असत, तर अधिकाऱ्यांचे कोट कोचिनील किड्यापासून काढलेल्या झळझळीत लाल रंगाचे असत. तेवढा फरकही मी ब्रशने दाखवला आणि स्वतःवर फार खूश झालो. पलटण टेबलावर मांडताच समोरच्या ज्येष्ठ खेळाडूने क्षणभर पाहिले आणि शांतपणे म्हटले, ‘रंग सुरेख झालाय, पण या टोप्या त्या वेळी अस्तित्वातच नव्हत्या.’

ते बरोबर होते. ब्रिटिश पायदळाचा शाको १८०० पासून सरळ, धुराड्याच्या नळकांड्यासारखा होता. पुढचा भाग उंच उठलेला, बाजूने गोंडेदार दोरी सोडलेला जो नवा शाको पुढे ‘बेल्जिक’ नावाने ओळखला जाऊ लागला, तो १८१२ च्या सुमारास मंजूर झाला. स्पेनमधल्या सैन्यापर्यंत तर तो युद्ध संपेपर्यंत फारसा पोहोचलाच नाही. १८ जून १८१५ च्या वॉटर्लूला मात्र बहुतेक पलटणींच्या डोक्यावर तो होता आणि तिथेही २८ वी पलटण तसेच हलके पायदळ जुनीच टोपी घालून लढले. माझ्या खोक्यावर मात्र सबंध नेपोलियनकालीन युद्धांसाठी एकच नाव आणि एकच चित्र होते. ज्याने साचा घडवला त्याने वॉटर्लूचा शिपाई घडवला, आणि ज्याने खोक्यावरचा मजकूर लिहिला त्याने तो पंधरा वर्षांच्या सगळ्या लढायांसाठी विकला.

या प्रसंगातून मी जो फरक शिकलो तो लेखकाच्या नजरेतून सुटला आहे. रंगाची चूक माझी असते आणि ती मी एका संध्याकाळी सुधारू शकतो. पिवळ्या कफांऐवजी चुकून हिरवे रंगवले, तर त्यावर पुन्हा हात फिरवता येतो. साच्यातली चूक मात्र प्लॅस्टिकच्या अंगात असते. टोपीचा आकार, कोटाची कापणी, पट्ट्यांची मांडणी, बंदुकीची लांबी या गोष्टी ब्रशने बदलत नाहीत. त्यांच्यासाठी पाते घ्यावे लागते, मान कापावी लागते, दुसरे डोके चिकटवावे लागते, आणि मऊ पॉलिथीनच्या जुन्या सैनिकांवर तर गोंदही धड धरत नाही. म्हणून कफाच्या छटेवरून वाद घालणाऱ्याला मी लेखकाइतकाच कंटाळतो, पण साच्याविषयी बोलणाऱ्याचे शांतपणे ऐकून घेतो.

त्यात हे साचे दीर्घायुषी असतात. पोलादाचा साचा कोरणे हे या धंद्यातले सर्वांत खर्चिक काम असते, पण एकदा साचा तयार झाला की त्यातून हजारो संच निघतात. खोके बदलते, चित्र बदलते, कधी मालकही बदलतो, साचा मात्र तोच राहतो. १९६० च्या दशकात कोरलेले सैनिक कित्येक दशकांनंतरही नव्या वेष्टनात विकले गेले आहेत. एखाद्या कारागिराने घाईत किंवा चुकीच्या चित्रावरून काढलेली टोपी दोन पिढ्यांच्या डोळ्यांत ‘खरी टोपी’ म्हणून बसते ती अशी. पुढे त्याच सैनिकांवर वाढलेला एखादा चित्रकार नव्या खोक्यासाठी चित्र काढतो, त्या चित्रावरून नवा साचा बनतो, आणि चूक स्वतःलाच साक्षीदार ठेवून पुढे जाते.

फ्रेंच सैन्याचे उदाहरण याहून बोलके आहे. ऑस्टरलिट्झच्या लढाईत, म्हणजे २ डिसेंबर १८०५ रोजी, फ्रेंच लाइन (म्हणजे नेहमीच्या) पायदळाच्या डोक्यावर दोन टोकांची बायकॉर्न टोपी होती. शाकोचा हुकूम १८०६ च्या फेब्रुवारीत निघाला. तेव्हाचा कोट छातीखाली मागे वळत जाणारा, आतला पांढरा वेस्टकोट दाखवणारा आणि मागे लांब शेपटे असलेला होता. कमरेपर्यंत समोरून पूर्ण बंद होणारा आखूड शेपटांचा कोट १८१२ च्या जानेवारीतील नियमावलीने आला आणि प्रत्यक्ष शिपायांच्या अंगावर बहुतांशी १८१३ मध्ये चढला. म्हणजे बंद कोट आणि शाको घातलेला सैनिक १८१३ च्या लाइपझिगच्या लढाईला शोभतो, ऑस्टरलिट्झला दोनदा चुकतो. यात बटण मोजण्याचा प्रश्नच नाही. पाच पावलांवरूनही सैनिकाची बाह्यरेषा वेगळी दिसते, आणि टेबलावर आपण सैनिक पाहतो तो याच अंतरावरून.

पट्ट्यांचेही तसेच आहे, आणि हा तपशील मला विशेष आवडतो, कारण तो लहान दिसतो पण सबंध पलटणीची रचना सांगतो. फ्रेंच फ्युझिलिअर, म्हणजे पलटणीतल्या साध्या शिपायाजवळ आखूड तलवार नसे. त्याची संगीन काडतूसपेटीच्याच पट्ट्याला अडकवलेली असे, म्हणून त्याच्या छातीवर एकच तिरपा पांढरा पट्टा दिसे. ग्रेनेडिअर या निवडक शिपायाजवळ तलवार असे, म्हणून त्याच्या छातीवर दोन पट्ट्यांची फुली दिसे. १८०८ च्या पुनर्रचनेनंतर एका बटालियनमधल्या सहा कंपन्यांपैकी चार फ्युझिलिअरांच्या होत्या आणि ग्रेनेडिअरांची एकच. संचातल्या प्रत्येक सैनिकाच्या छातीवर फुली असेल, तर साचाकाराने नकळत निवडक ग्रेनेडिअरांचीच बटालियन उभी केलेली असते. खेळाडू मात्र त्यांना साधे शिपाई समजून त्यांच्यासाठी फासे टाकत असतो.

शस्त्रांच्या बाबतीत दोष साचाकाराचा कमी आणि साहित्याचा जास्त असतो, हे मान्य केले पाहिजे. फ्रेंच पायदळाची १७७७ नमुन्याची ठासणीची बंदूक सुमारे १५१ सेंटिमीटर लांब होती. १/७२ प्रमाणात, म्हणजे खऱ्या आकाराच्या बहात्तराव्या भागात, ती २१ मिलिमीटर भरते. ब्रिटिशांची ‘इंडिया पॅटर्न’ बंदूक जेमतेम १४० सेंटिमीटरची, म्हणजे १९ मिलिमीटरच्या किंचित वर. बेकर रायफल त्याहून आखूड, सुमारे १६ मिलिमीटर. लांबीतला हा फरक सहज दाखवता येतो आणि दाखवलाच पाहिजे, कारण ९५ व्या पलटणीचा हिरव्या कोटातला रायफलधारी शिपाई लांब बंदूक घेऊन उभा दिसला की त्याचे वेगळेपणच जाते. जाडीचे मात्र तसे नाही. नळीच्या तोंडाची जाडी प्रमाणात उतरवली तर एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास येते. इतकी बारीक नळी साच्यात भरत नाही, भरली तर पहिल्या बोटाच्या धक्क्याने मोडते. म्हणून नळ्या जाड असतात, संगिनी सळईसारख्या दिसतात, आणि २८ मिलिमीटरच्या सैनिकांत तर मनगटे आणि डोकीही मुद्दाम मोठी घेतात. याविषयी तक्रार करणाऱ्याने एकदा स्वतः साचा पाहावा. दोन अर्ध्यांच्या साच्यात जो भाग आतल्या बाजूला वळतो तो बाहेर काढताना अडकतो, म्हणून बंदूक छातीला चिकटलेली, पिशवी मांडीत विरघळलेली आणि बाजूची बटणे पुसट अशी तडजोड करावी लागते. हात, डोके आणि बंदूक वेगळी चिकटवायच्या कडक प्लॅस्टिकच्या संचांनी ही अडचण बरीच कमी केली आहे.

मात्र जाडीची सबब लांबीला किंवा बांधणीला लागू पडत नाही. फ्रेंच बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला तीन धातूच्या कड्यांनी बांधलेली होती, तर ब्रिटिश बंदुकीची नळी दस्त्याच्या आतून जाणाऱ्या खिळींनी धरलेली असल्यामुळे तिच्यावर कडी दिसत नाहीत. कडे म्हणजे साच्यात एक उंचवटा, बस्स. तो कोरायला जितका वेळ लागतो तितकाच तो न कोरायला लागतो. ब्रिटिश शिपायाच्या हातात कडी असलेली बंदूक दिसली, की कारागिरासमोर एकाच बंदुकीचे चित्र होते आणि तीच त्याने सर्वांच्या हातात दिली, हे लगेच कळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सैनिकांकडे वळलो, की चुकीचे स्वरूप बदलते. तिथे एकेक वस्तू बहुधा ओळखू येण्याइतकी बरोबर असते, चुकतात ती प्रमाणे आणि सालवारी. जर्मन पायदळाच्या दहा जणांच्या तुकडीत एक मशीनगन, तुकडीप्रमुखाकडे फार तर एक एमपी ४० सबमशीनगन आणि उरलेल्या बहुतेकांकडे साधी ‘कार ९८ के’ रायफल, अशी सर्वसाधारण मांडणी होती. खोक्यात मात्र प्रत्येक दोन-तीन सैनिकांमागे एकाच्या हातात एमपी ४० असते, कारण ती चित्रपटात शोभते. मे १९४० च्या फ्रान्समधील मोहिमेसाठी घेतलेल्या संचात एमजी ४२ मशीनगन किंवा पांझरफाउस्ट हे रणगाडाविरोधी शस्त्र निघाले, तर ते अनुक्रमे दोन आणि तीन वर्षे आधीच येऊन पोहोचलेले असते. ब्रिटिशांच्या बाजूला १९४० मधल्या शिपायाच्या हातात बोथट तोंडाची जुनी ली-एनफिल्ड आणि तिची सुमारे ४३ सेंटिमीटर पात्याची लांब संगीन हवी. १९४४ च्या शिपायाकडे ‘नंबर ४’ रायफल आणि खिळ्यासारखी २० सेंटिमीटरची संगीन. प्रमाणात उतरवल्या तर या दोन संगिनी सहा मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर भरतात. दुप्पट फरक डोळ्यांना दिसत नाही, असे कोणी म्हणू नये.

सोव्हिएत सैनिकांच्या खांद्यांवर तर तारीख अक्षरशः शिवलेली आहे. खांदापट्ट्या जानेवारी १९४३ च्या हुकुमाने पुन्हा आल्या आणि त्यांच्याबरोबर गिम्नास्तोर्का या सदऱ्याची कॉलर उभी झाली. त्याआधी कॉलर दुमडलेली आणि हुद्द्याची खूण कॉलरवरच असे. १९४२ च्या शरद ऋतूतल्या स्टालिनग्राडच्या गल्ल्यांत खांदापट्ट्या लावलेला शिपाई उभा केला, तर तो भविष्यातून आलेला असतो. उलट एक गोष्ट अनेकांना चूक वाटते पण ती बरोबर आहे. मोसिन रायफलवर संगीन कायम चढवलेली दाखवतात ती निव्वळ आवेश म्हणून नव्हे. त्या रायफलीचा नेमच संगीन लावून बसवलेला असे, आणि शिपायाला संगिनीसाठी म्यान सहसा दिलेले नसे.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते कुठल्याही साचाकाराला सहज फसवू शकते. ७ ऑगस्ट १९४२ रोजी ग्वाडलकनालवर उतरलेल्या अमेरिकन मरीन शिपायांच्या हातांत मुख्यत्वे १९०३ नमुन्याची, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागणारी स्प्रिंगफील्ड रायफल होती. गारँड ही अर्धस्वयंचलित रायफल अमेरिकन लष्कराने १९३६ मध्येच स्वीकारली असली, तरी मरीन दलाच्या त्या तुकड्यांपर्यंत ती पोहोचलेली नव्हती. म्हणजे नुसते ‘शस्त्र कधी स्वीकारले’ हे साल पाहून चालत नाही. ते कोणाच्या हातात केव्हा आले हे पाहावे लागते. खेळाच्या नियमांत या दोन रायफलींच्या माऱ्याचा वेग वेगळा धरलेला असतो, त्यामुळे इथे साच्यातली चूक थेट फाशांपर्यंत जाते. समोरचा खेळाडू नोंदवही पाहून खेळत नाही, तो सैनिकाच्या हातात काय आहे ते पाहून खेळतो.

बाकीच्या कालखंडांत शिरलो तर पत्र संपणार नाही. इतकेच सांगतो, की २३ ऑगस्ट १९१४ च्या मोन्सच्या लढाईत ब्रिटिश शिपायाच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राण नव्हते, ब्रिटिश राजरक्षक घोडदळाने वॉटर्लूला उरस्त्राण घातलेले नव्हते (ते १८२१ मध्ये आले), आणि गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) लढणाऱ्या रोमन सेनापती सीझरच्या सैनिकांना आडव्या पोलादी पट्ट्यांचे चिलखत चढवणे म्हणजे त्यांना काही दशके पुढे ढकलणे होय. त्यांच्या अंगात साखळ्यांचे चिलखत हवे.

लेखकाच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो त्यांनी मांडायला हवा होता. अचूकतेचा आग्रह धरणारे आमच्यातले काही जण नियमावलीलाच इतिहास समजतात. नियमावली काय घालावे ते सांगते, काय घातले गेले ते सांगत नाही. स्पेनमध्ये वर्षभर चाललेल्या पलटणीच्या विजारी स्थानिक तपकिरी कापडाच्या असत, कोटांना ठिगळे असत, टोप्या पावसाने बसलेल्या असत. वॉटर्लूला फ्रेंच पायदळाचे कित्येक शिपाई करड्या ओव्हरकोटात आणि शाकोवर मेणकापडी खोळ चढवून लढले, आणि खुद्द सम्राटाच्या गार्डमध्येही सर्वांकडे अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी नव्हती. म्हणून संचलनाच्या पोशाखातला झकपक सैनिक नियमाप्रमाणे शंभर टक्के बरोबर असूनही रणांगणावर चूक ठरू शकतो. मला स्वतःला मळलेला, ओव्हरकोटातला, पाठीवर वळकटी बांधलेला सैनिकच अधिक विश्वासार्ह वाटतो. तो रंगवायला कंटाळवाणा असतो, हे कबूल. शिवाय लढाईनंतर पन्नास-साठ वर्षांनी स्टुडिओत काढलेली भव्य तैलचित्रे साचाकारांना भुरळ घालतात. त्यांच्यापेक्षा छावणीत बसून कुणी काढलेले ओबडधोबड रेखाटन, संग्रहालयात जपलेला एखादा विटलेला कोट, किंवा पलटणीच्या तपासणीचा रुक्ष अहवाल अधिक कामाचा असतो.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक सैनिक निर्दोष असावा असे मी म्हणत नाही, प्लॅस्टिकला आणि साच्याला मर्यादा आहेत. खोक्यावर ‘नेपोलियनकालीन’ किंवा ‘दुसरे महायुद्ध’ असे मोघम नाव छापण्याऐवजी ‘ब्रिटिश लाइन पायदळ, १८१५’ किंवा ‘सोव्हिएत पायदळ, १९४३ नंतर’ असे देश, दल आणि वर्ष छापावे. ज्या सैन्याची टोपी मधल्या काळात बदलली त्या संचात दोन्ही प्रकारची डोकी द्यावीत, कारण डोके वेगळे चिकटवता आले की एकाच धडाला चार-पाच वर्षे अधिक आयुष्य मिळते. हे काही उत्पादक आज करतातही, आणि त्यांचे संच नवख्याला घाबरवत नाहीत, उलट वाट दाखवतात. तसेच लेखकासारख्या जाणकारांनी परीक्षण लिहिताना सैनिकांचे चेहरे आणि पवित्रे किती देखणे आहेत याबरोबरच ते कोणत्या सालाला चालतील हेही एका ओळीत सांगावे. नवख्याचा हिरमोड टाळण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे. नवखा ते वाक्य वाचून संच घेईल, आणि रंगवून झाल्यावर त्याला कोणाचे शांत बोलणे ऐकावे लागणार नाही.

माझ्या त्या चाळीस जणांचे पुढे काय झाले, हे विचारणारे विचारतीलच म्हणून लिहितो. त्या ज्येष्ठ खेळाडूने स्वतःकडचा जुन्या शाकोच्या सुट्या डोक्यांचा एक डबा मला दिला. छत्तीस डोकी त्यात निघाली, ती मी बसवली. उरलेले चौघे नव्या टोप्या घालून मागच्या रांगेत उभे आहेत.

आपला नम्र,
एक वाचक